किनाऱ्याचा कायदा आणि किनाऱ्याची माणसे

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा ‘समुद्राच्या संपत्तीविषयीचे सरकारी धोरण आणि त्याचा इतिहास’ असे आम्ही सांगितले. चालकांपैकी एकाने चष्मा काढून पुसला आणि विचारले, ‘अहमदपुरात समुद्र?’ प्रश्न रास्त आहे. येथून मुंबईचा किनारा पाचशे किलोमीटरांहून दूर. आपल्याला पाण्याची ओळख लिंबोटीच्या धरणापुरती आणि टँकरापुरती. तेव्हा आधी या आगंतुक विषयाची सोयरीक सांगणे भाग आहे.

श्रोतेहो, आपल्या या मुलखाला समुद्र मिळाला तो १९५६ साली. हैदराबाद संस्थानाला वीतभरही किनारा नव्हता. पोर्तुगिजांच्या ताब्यातील मार्मागोवा बंदर आपल्याला वापरावयास मिळावे म्हणून निजामाच्या दरबाराने खटपट करून पाहिली, ती साधली नाही. राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि ७२० किलोमीटरांचा किनारा आपल्याही शाळकरी पोरांच्या पाठांतरात येऊन बसला. नव्या मोजणीने तो आकडा आणखी वाढला आहे. पण बोंबील आणि सुकट यांनी राज्यपुनर्रचनेची वाट पाहिली नव्हती. आठवडी बाजारात गोणपाटावर सुक्या मासळीचे ढीग घालून बसणाऱ्या बाया आम्ही लहानपणापासून पाहत आलो. ज्या घरात डाळ महाग पडते त्या घरात मूठभर जवळा, लाल मिरची आणि भाकरी एवढ्यावर दिवस निघतो. समुद्राचा आणि आपला हा संबंध भूगोलापेक्षा जुना आहे.

आमचा स्वतःचा संबंध निराळ्या वाटेने आला. आमचे आयुष्य हमालांच्या संघटनेत गेले. कोणे एके काळी माथाडींच्या एका बैठकीसाठी मुंबईस गेलो असता, ओझे कोठे कसे उचलतात हे पाहण्याच्या खोडीने, पहाटे चार वाजता ससून डॉकवर जाऊन उभे राहिलो. १८७५ साली उघडलेला हा धक्का आजही मासळीचाच आहे. बर्फ फोडण्याचा आवाज, पाट्या डोक्यावर घेऊन पळणाऱ्या बाया, लिलावाची आरोळी, आणि पायाखाली सारे निसरडे. एका ढिगात बोटाएवढी पापलेटे होती. आम्ही शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलाला भाबडेपणाने विचारले, ‘एवढी लहान का धरता?’ तो म्हणाला, ‘धरू नये असा कायदा आहे म्हणतात. पण कायद्याकडे होडी नाही.’ ते वाक्य आमच्या डोक्यात राहिले, आणि पुढली कित्येक वर्षे ग्रंथालयात, अहवालांत आणि कोकणातल्या चार-सहा फेऱ्यांत आम्ही त्या कायद्याचा माग काढीत राहिलो. आज सांगावयाचे आहे ते त्या शोधातले.

किनाऱ्याची संपत्ती जपून वापरावी हा विचार परदेशातून आला, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती खरी नाही. सुमारे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या हातून उतरलेले आज्ञापत्र पाहा. त्यात आरमाराचे प्रकरण आहे, आणि आरमार म्हटले की लाकूड आले. रानातले सागवान लागेल तेवढे रीतसर परवानगी काढून तोडावे, उणे पडेल ते बाहेरून विकत आणावे, असे ते सांगते. आंबा आणि फणस आरमाराला उपयोगी खरे, पण त्यांना हात लावू द्यावयाचा नाही. झाड तयार व्हायला वर्षे लागतात आणि ते कोणा गरिबाच्या घामावर वाढलेले असते. फारच जुने झाड घ्यावयाचे झाले तर मालकाला राजी करून, पैसे मोजून घ्यावे. येथे दोन गोष्टी एकाच ठिकाणी आल्या आहेत: वस्तू उगवण्याचा वेग आणि माणसाचा हक्क. पुढच्या तीनशे वर्षांत सरकारने किनाऱ्यासाठी जे जे नियम केले, त्यांतल्या पुष्कळांत यांपैकी एक गोष्ट आहे, तर दुसरी सुटलेली आहे.

हे झाले राजाचे. दर्यावर्दी माणसांची वहिवाट त्याहून जुनी. मृगाच्या आगेमागे होड्या ओढून घ्यावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा लोटावयाच्या, ही कोळ्यांची रीत. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो हे एक कारण, आणि पुष्कळशी मासळी त्या दिवसांत गाभोळीवर असते हे दुसरे. उत्तर कोकणात बोंबलासाठी डोळ नावाचे पिशवीसारखे जाळे भरतीओहोटीच्या ओढीत खुंटांना बांधून ठेवतात. त्या खुंटांच्या जागेला ‘कव’ म्हणतात. आपल्या शेताला बांध असतो तशी पाण्यात कव असते, आणि बांधावरून होतात तशीच भांडणे कवीवरूनही होतात. वसई-उत्तन आणि सातपाटी-डहाणू यांच्यातला कवींचा तंटा प्रसिद्धच आहे. दक्षिणेस, मालवण-वेंगुर्ल्याकडे, रापण. लांबलचक जाळे होडीने पाण्यात अर्धवर्तुळ करून सोडावयाचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढावयाची. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा. या सगळ्याला आम्ही रामराज्य म्हणत नाही. वहिवाटीतही दांडगाई असते, हे खेड्यात वाढलेल्याला कोणी सांगावयास नको. पण मर्यादा होती, आणि ती मोडणाऱ्याला गाव ओळखत होते.

इंग्रजांना मासळीत रस नव्हता, मिठात होता. मिठावरच्या करामुळे मासळी खारविणे महाग झाले, आणि पकडलेली मासळी कुजू लागली किंवा निव्वळ वाळूत वाळू लागली. तेव्हा त्यांनी किनाऱ्यावर कुंपण घातलेली खारवणीची आवारे काढली. तेथे पहाऱ्याखाली करमाफीचे मीठ मिळे. रत्नागिरी जिल्ह्यातही अशी आवारे होती. १८९७ मध्ये एक मत्स्य कायदा झाला, त्याने सुरुंगाची दारू आणि विष घालून मासे मारण्यास मनाई केली. त्या राजवटीविषयी याहून जास्त सांगण्यासारखे आम्हाला आढळले नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, आणि येथे थोडे थांबावे लागेल. देश उपाशी होता, समुद्र भरलेला दिसत होता. तेव्हा यंत्र आणावे असे वाटणे स्वाभाविक होते. १९५२ मध्ये नॉर्वे देशाशी करार झाला आणि पुढच्या वर्षी केरळात कोल्लमजवळ नींदकरा येथे काम सुरू झाले. हेतू असा की गरीब मच्छिमाराला चांगली होडी मिळावी आणि लोकांना स्वस्त मासा मिळावा. आपल्या किनाऱ्यावरही सहकारी संस्थांमार्फत कर्जे मिळाली, शिडाच्या होड्यांवर डिझेलची इंजिने चढली. त्या इंजिनाला आम्ही नावे ठेवणार नाही. वादळाच्या आधी घर गाठता येणे ही काय चीज आहे हे कोळिणींना विचारावे. पण नॉर्वेकर पुरते रुळण्याच्या आत अमेरिका आणि जपान येथून कोळंबीला मागणी आली, १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, निर्यात आणखीच फायद्याची ठरली, आणि लोकांच्या ताटासाठी आणलेले यंत्र डॉलरच्या मागे लागले. कोळंबी राहते तळाशी आणि किनाऱ्याजवळ. म्हणून समुद्राचा तळ खरवडणारे ट्रॉलर खोल पाण्यात न जाता थेट लहान होडीवाल्याच्या अंगणात शिरले.

पहिला मोठा भडका गोव्यात उडाला. तेथे १९६१ नंतर ट्रॉलरना सरकारी अनुदाने मिळाली, आणि ती बहुतांशी ज्यांच्या गाठी पैसा होता त्यांनी उचलली. रापणकार उघडे पडले. १९७५ च्या सुमारास त्यांनी संघटना बांधली. मातान्ही सालढाणा हे त्यांचे पुढारी, पेशाने शिक्षक. मोर्चे, उपोषणे, कोर्टकचेऱ्या, सारे झाले. मद्रास आणि केरळ किनाऱ्यांवरही तेच पेटले. होड्या जळाल्या, माणसे दगावली. १९७६ मध्ये केंद्राने मजुमदार समिती नेमली, पाठोपाठ एक नमुना विधेयक राज्यांकडे पाठविले, आणि १९८० मध्ये केरळ व गोवा यांचे, तर १९८१ मध्ये आपला ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा’ झाला. कागदावर तो मत्स्यधनाच्या रक्षणाचा कायदा आहे. त्याची जन्मकथा मात्र श्रमिकांच्या लढ्याची आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत येत नाही.

कायदा काय सांगतो? होडीला परवाना हवा. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी, कोठे पाच वाव, कोठे दहा वाव, ट्रॉलरना वर्ज्य. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना बंदी. आमच्याकडे पूर्वी ही बंदी १० जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत असे. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरले. गंमत पाहा: नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते. म्हणजे मासळीची विश्रांती वाढविण्यासाठी केलेला नियम शेवटच्या टोकाला आजोबांच्या रीतीपेक्षा आखूड पडला. पुष्कळ मच्छिमार संस्था बंदी १५ ऑगस्टपर्यंत ठेवा असे स्वतः मागतात. मजुरांनीच ‘आमचे काम आणखी दोन आठवडे बंद ठेवा’ म्हणावे, हे आम्ही आमच्या धंद्यात कधी ऐकले नव्हते.

आता त्या तांडेलाच्या वाक्याकडे येऊ. संविधानाच्या सातव्या परिशिष्टात मासेमारी हा राज्यांचा विषय आहे. पण प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राची. प्रादेशिक समुद्र म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, सुमारे २२ किलोमीटर. त्यापुढे २०० मैलांपर्यंतचे पाणी १९७६ च्या कायद्याने देशाचे झाले, पण राज्याचा कायदा तेथे पोहोचत नाही. मासा तर मैल मोजीत नाही. आतल्या पाण्यात गुन्हा करणारी बोट बाराव्या मैलापलीकडे सटकली की राज्याचा अंमलदार हात चोळीत बसणार, तोही त्याच्याकडे गस्तीची बोट असली तर. त्यातून खटला चालवावयाचा तो तहसीलदारापुढे. सातबारे, दुष्काळ, निवडणुका आणि रेशनकार्डे यांच्या ढिगाऱ्यात त्या बिचाऱ्याला जाळ्याचा आस कधी तपासता येणार?

आम्हाला येथे आमचा १९६९ चा माथाडी कायदा आठवतो. तो कायदाही सुरेख आहे. पण जेथे मंडळ उभे राहिले, नोंद झाली, आणि मजुरी मंडळातून गेली, तेथेच तो हमालाच्या पाठीशी उभा राहिला. एका बाजारपेठेत आम्ही वर्षानुवर्षे नुसती नोंदणी मागत होतो. कायद्याची प्रत भिंतीवर टांगलेली होती आणि तिच्याखालीच हमालाचे पैसे कापले जात होते.

लढा संघटित असला म्हणजे काय होते तेही या इतिहासात आहे. १९९१ नंतर केंद्राने खोल समुद्र परदेशी भागीदारीच्या जहाजांना खुला केला. त्यावर १९९४ मध्ये देशभर मच्छिमारांचे बंद झाले. १९९५ च्या मे महिन्यात फादर थॉमस कोचेरी पोरबंदरला उपोषणास बसले. सरकारने मुरारी समिती नेमली. तिने १९९६ मध्ये ते परवाने रद्द करावेत असे सांगितले आणि १९९७ मध्ये सरकारने ते मानले. विशेष हे की या वेळी लहान होडीवाले आणि देशी ट्रॉलरवाले एकत्र होते. घरातले भांडण बाजूस ठेवल्याने हे साधले. परंतु घरातले भांडण तसेच राहिले.

ते पर्ससीन जाळ्याच्या रूपाने पुन्हा उभे राहिले. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात. पर्ससीनची बोट त्या थव्याभोवती गोल फेर घेते, खालचा दोर आवळते आणि बटव्याचे तोंड बंद व्हावे तसे जाळे मिटते. सगळा थवा एका खेपेत, लहानमोठे सारे. मालवण आणि रत्नागिरी येथल्या लहान मच्छिमारांनी रस्त्यावर येऊन दाद मागितली, डॉ. सोमवंशी यांची समिती बसली, आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने दिले गेले; परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्याने २६२ आणि शेवटी १८२ वर आणावयाचे ठरले. मग रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याची युक्ती आली. केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात त्या एलईडी मासेमारीला मनाई केली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा सुधारला: दंड लाखांच्या घरात गेला आणि निवाड्याचे काम तहसीलदाराकडून मत्स्यखात्याच्या अधिकाऱ्याकडे आले. २०२५ च्या आरंभी किनाऱ्यावर टेहळणीसाठी ड्रोन उडू लागले. ड्रोन बोटीचे चित्र काढतो. बोट अडवून धक्क्याला आणणे हे काम माणसाचेच राहते.

या प्रकरणात आमची एक चूक कबूल केली पाहिजे. लहान मच्छिमार म्हणजे श्रम आणि पर्ससीन म्हणजे भांडवल, असे सोपे गणित मांडून आम्ही एकदा रत्नागिरीत भाषण ठोकले. सभा संपल्यावर एक पर्ससीनवाला आम्हाला घरी घेऊन गेला. बाप रापणीवर होता. सरकारनेच कर्जाला उत्तेजन दिले, बोट, जाळे, इंजिन मिळून घर गहाण पडले, आणि आता चार महिन्यांच्या हंगामात हप्ता कसा भरावयाचा, असे त्याने कागद पुढे टाकून विचारले. बायकोने चहा दिला. आम्ही चहा प्यालो. उत्तर आमच्यापाशी नव्हते. नियमाची बाजू आम्ही आजही घेतो. पण ज्या हाताने कर्ज दिले त्याच हाताने मनाई लिहावयाची असेल, तर मधल्या कर्जाचे काय, हा हिशेब त्या हातानेच पुरा केला पाहिजे.

माणसाला न विचारता नियम केला तर काय होते, याचा दाखला मालवणचा. १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचे सुमारे २९ चौरस किलोमीटर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथले प्रवाळ आणि मासळी जपण्याजोगी आहे यात शंका नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तेथे जाळे टाकणाऱ्यांच्या दृष्टीने त्यांच्या अंगणावर एका सकाळी पाटी लागली. अभयारण्य कागदावर राहिले आणि अविश्वास किनाऱ्यावर राहिला. पुढे तेथेच संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने एक प्रकल्प चालला, मच्छिमारांना बरोबर घेऊन, ट्रॉलच्या जाळ्याला चौकोनी आसाचे शेपूट लावून पाहिले गेले, म्हणजे पिल्ले निसटून जावीत. मागून आलेल्या या कामात मच्छिमार स्वतः बोलताना आम्ही ऐकले. पाटी आधी आली नसती तर तेच लोक अभयारण्याच्या बाजूनेही बोलले असते, असे आम्हाला वाटते.

पाण्याचे झाले, जमिनीचेही थोडक्यात सांगतो. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंत बांधकामे होऊ देऊ नका असे कळविले. त्यातून १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना निघाली. तिच्यात इतक्या दुरुस्त्या झाल्या की २०११ मध्ये नवी, २०१९ मध्ये आणखी नवी काढावी लागली, आणि दर खेपेस काही ठिकाणी रेषा पाण्याच्या जवळ सरकली. कोळीवाड्यातल्या माणसाला घरावर माळा चढविण्यासाठी दाखले मागणाऱ्या याच व्यवस्थेच्या डोळ्यांदेखत मोठी बांधकामे परवानगीनिशी उभी राहतात. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला तेथल्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने संमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी झाली. तो भाग पापलेट, घोळ आणि बोंबलाचा. डोळीच्या कवींचे पुढे काय होणार, असे तेथले लोक विचारीत आहेत.

राहता राहिला खलाशी. धोरणाच्या सगळ्या कागदांत होडी आहे, जाळे आहे, मासा आहे. होडीवर राबणारा क्वचित सापडतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटींवर पुष्कळ खलाशी नेपाळचे आहेत. एका मे महिन्याच्या अखेरीस आम्ही तेथे होतो. बोटी वर घेण्याची घाई चाललेली. मालकाच्या दृष्टीने बंदीचे दोन महिने म्हणजे इंजिन उघडण्याचे आणि जाळे विणण्याचे दिवस. खलाशाच्या दृष्टीने ते बिनपगारी. केंद्राची बचत-मदत योजना आहे: मच्छिमाराने १५०० रुपये भरावयाचे, सरकारांनी मिळून ३००० घालावयाचे, आणि हे ४५०० बंदीच्या काळात त्याच्या हाती द्यावयाचे. दोन महिन्यांच्या चुलीला ही रक्कम किती पुरेल ते आपणच पाहा. शिवाय ती मिळण्यासाठी आधी मच्छिमार म्हणून नोंद हवी, आणि बिहाड पाठीवर घेऊन आलेल्या त्या पोराची नोंद कोण करणार? तो आम्हाला रेल्वे स्थानकावर पुन्हा भेटला, गावी निघालेला. बंदी पाळली जाते हे उत्तम, पण तिची किंमत कोण भरतो ते आम्हाला त्या फलाटावर दिसले.

२०२३ च्या सप्टेंबरात राज्याने पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला आणि ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये, विकू नये. २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा मिळाला, म्हणजे आपला शेतकरी आणि तो कोळी एकाच रांगेत आले. आम्ही कोकणातल्या दोन संस्थांच्या सोबतीने एक अर्ज केला आहे: बोटीवरच्या प्रत्येक खलाशाची नोंद एखाद्या मंडळाकडे व्हावी, त्याचा वाटा मंडळाच्या वहीतून जावा, आणि बंदीच्या दिवसांचे त्याचे वेतन त्याच वहीतून निघावे, आमच्या हमालांना जेथे मंडळ आहे तेथे मिळते तसे. अर्जाची पोच आली आहे. गेल्या आठवड्यात आपल्या बाजारात सुकटवाल्या बाईपाशी थांबलो होतो. बोंबील यंदा बारीक आला आहे आणि महागही, असे ती म्हणाली. आम्ही पावशेर घेतला.